पुरातून वाचलेलं मशीन आणि आईच्या लुगड्यांची गोधडी

पुराच्या पाण्यात बुडालेलं शिलाई मशीन भंगारात घालायची घाई करू नये. हे सगळ्यात आधी सांगते, कारण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळुणात शिरलं, आणि ते ओसरल्यावर आमच्या गल्लीतून भंगाराच्या टेम्पोत चढलेली मशिनं मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यातली बरीच काळी, बिडाच्या अंगाची, पायाने चालवायची होती. अशी मशिनं नुसत्या पाण्याने मरत नाहीत. आत बसलेला गाळ आणि नंतर धरणारा गंज त्यांना मारतो, आणि त्याला थोडे दिवस लागतात. तेवढी सवड आपल्या हातात असते. ज्यांच्या मशीनला विजेची मोटर आहे त्यांनी मात्र मोटर जाणकाराला दाखवल्याशिवाय प्लग लावायचा विचारही करू नये.

आमच्या घरात खालच्या खोलीत आईचं मशीन होतं, आणि त्याच खोलीतल्या ट्रंकेत तिची नऊवारी लुगडी. दोन्हीवर चिखलाचा थर बसला होता. आई आता नाही. मशीन चालू करायचं आणि त्याच मशीनवर त्याच लुगड्यांची गोधडी शिवायची, असं मी तेव्हाच मनाशी धरलं. गुहागरची माझी आत्या आयुष्यभर गोधड्या शिवत आली आहे. ती फोनवर म्हणाली, "आधी मशीन धू. लुगडी चार दिवस थांबतील, लोखंड थांबत नाही."

मशीन खरोखर पाण्याने धुवायचं. पुराच्या गाळात बारीक वाळू असते. ती तशीच ठेवून तेल घातलं तर वाळू आणि तेल मिळून घासायची पूड तयार होते आणि प्रत्येक सांधा झिजवते. नळाला पाणी नव्हतं, टँकरच्या पाण्यातली एक बादली मशीनसाठी बाजूला काढली. आधी चामड्याचा पट्टा काढला. मग मागचे बिजागरीचे स्क्रू सैल करून डोकं टेबलावरून उचललं. सुई, फूट (कापड दाबून धरणारा पाय), सुईखालची पट्टी, बॉबिन केस (खालच्या दोऱ्याच्या रिळाची डबी), तिच्याभोवतीचं शटल, डाव्या टोकाची मुखपट्टी असं सगळं सोडवलं. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतला, आणि स्क्रू इडलीपात्राच्या खळग्यांत ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने ठेवले. शटलच्या जागेतून निघालेला गाळ मऊ दिसत होता, पण बोटांत चोळला की कचकच लागायची.

धुऊन झाल्यावर पाऊस उघडला तेवढ्यात डोकं उलटं करून उन्हात ठेवलं. मग घासलेट. आता ते सहज मिळत नाही, ओळखीच्या एकांकडून बाटलीभर मिळालं. जुन्या टूथब्रशने प्रत्येक भोकात, प्रत्येक सांध्यात ते सोडलं. चाक अजिबात फिरत नव्हतं. मशीन दुरुस्त करणारे एक काका बाजारपेठेत बसायचे. त्यांचं स्वतःचं दुकान पाण्यात गेलेलं, तरी ते येऊन बघून गेले. म्हणाले, "ताई, जोर लावू नका. घासलेट सोडा, चाक मागे-पुढे नुसतं डोलवा, आणि झोपा. आज केसभर हललं तर उद्या बोटभर हलेल." अगदी तसंच झालं. हातोडी मारली असती किंवा पान्याने रेटलं असतं तर आतला दांडा वाकला असता, आणि वाकलेला दांडा कोणी सरळ करून देत नाही.

घासलेटचं काम फक्त चिकटलेलं सोडवण्याचं. ते वंगण नाही. ते पुसून, उडू देऊन लगेच मशीनचं तेल घालावंच लागतं, नाहीतर उघडं पडलेलं लोखंड दुप्पट वेगाने गंजतं. हे काम चुलीपासून, गॅसपासून लांब, अंगणात करावं. आणि मशीनवरच्या सोनेरी वेलबुट्टीला स्पिरिट लावू नये, वरच्या लाखेसकट ती निघून येते. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मऊ फडकं फिरवायचं, कोरडं करायचं, आणि शेवटी तेलाचा हात.

काही गोष्टी नव्या घेतल्या: बॉबिन केस, बॉबिन, सुया, पट्टा आणि वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्यांजवळची बारीक स्प्रिंग. सगळं मिळून एका साध्या साडीच्या पैशांत आलं. सुईखालच्या पट्टीवर गंजाचे ठिपके होते, ते अगदी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून घासले. तिथे खरखर राहिली तर दोरा अडकून तुटतो. टेबलाची फळी सागवानी, ती सावलीत उभी करून वाळवली. उन्हात घातली असती तर तडकली असती. स्टँडला तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, वर काळा रंग.

आता तेलाबद्दल. कोकणात घरोघरी मशीनला खोबरेल घालतात, कारण ते हाताशी असतं. कृपा करून घालू नका. थंडीत ते गोठतं, आणि काही महिन्यांत हवेने चिकट, पिवळं होऊन सांध्यांत सुकलेल्या डिंकासारखं बसतं. पूर येण्याआधीही आमचं मशीन जड चालायचं, ते त्यामुळेच. घासलेटने सोडवलेला अर्धा मळ गाळाचा होता आणि अर्धा जुन्या खोबरेलाचा. शिलाई मशीनचं पातळ, पांढरं तेल वेगळं मिळतं, तेच वापरावं. वरच्या प्रत्येक भोकात एक थेंब, मुखपट्टीच्या आत सुईच्या दांड्याला एक, शटल फिरतं त्या कडेला एक, मग डोकं मागे कलंडवून खाली जिथे लोखंड लोखंडावर फिरतं तिथे एकेक. पायडलच्या दांड्याची दोन टोकं आणि मोठ्या चाकाचा मधला कणा यांना बहुतेक जण विसरतात, आणि पाय दुखतात ते त्यामुळे. दोऱ्याच्या ताणाच्या चकत्यांना आणि पट्ट्याला मात्र तेलाचा स्पर्शही नको. तेल घातल्यावर दोरा न ओवता थोडा वेळ चालवायचं, मग फुटाखाली फडक्याचा तुकडा ठेवून फूट खाली सोडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. सकाळी त्या तुकड्यावर पिवळट डाग पडलेला असतो. तो डाग नव्या कापडावर पडला असता.

पट्टा नवा असला तरी काही दिवसांत सैलावतो. पाव इंच कापून, नवं भोक पाडून तार पुन्हा अडकवायची. फार ताणून बसवला तर पायडल जड होतं आणि चाकाचा कणा एका बाजूने झिजतो. चाक हाताने फिरवून लगेच सोडलं आणि पट्टा घसरला नाही, की ताण बरोबर.

मशीन वाळत होतं तोवर लुगडी भिजत होती. चिखलाचं कापड आधी नुसत्या पाण्यात, पाणी बदलत बदलत, निवळ येईपर्यंत काढायचं, साबण त्यानंतर. आमच्याकडची माती लोहाची, तांबडी. तिचे डाग राहिले तर ब्लीचची पावडर वापरू नये. त्याने गंजाचा डाग पक्का बसतो आणि सूत कुजतं. लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवलं, तर बरेच डाग गेले. जे राहिले ते गोधडीच्या आतल्या थरात गेले.

आत्या नवरात्रानंतर आली. आल्या आल्या तिने प्रत्येक लुगडं खिडकीच्या उजेडाला धरलं. "हे बघ, इथे विरलंय," ती बोट लावून दाखवत होती. बसायच्या जागी कापड जाळीसारखं झालेलं, कडेला मात्र काठाजवळ अजून कणखर. नऊवारी म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक तुकडा दोन मीटरपेक्षा जरासा लांब निघतो, म्हणजे माणसाच्या गोधडीची लांबी मोजपट्टी न लावता आपसूक मिळते. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मात्र पुरत नाही, तिथे जोड द्यावा लागतो. दोन लुगडी आणि बाबांचं एक धोतर यांतून पाच थर निघाले. वर आणि खाली चांगलं इरकली लुगडं, मध्ये विरलेलं. जोडाच्या शिवणी एकावर एक येऊ नयेत म्हणून एका थराचा जोड डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे ठेवला. पाच थरांचे जोड एकाच रेषेत आले तर तिथे गाठोडं तयार होतं आणि सुई तिथेच मोडते. लुगड्याचे काठ आधीच वेगळे काढून ठेवले होते, गोट म्हणजे कडेची पट्टी लावायला. जरीचा काठ असेल तर त्यावरून मशीन चालवू नये, जर सुईचं टोक बोथट करते.

कापूस भरलेली रजई घरच्या घरी धुता येत नाही, गोधडी येते. आणि जुनं सुती कापड अनेक वेळा धुतलेलं असल्याने आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. नवं कापड मिसळायचं असेल तर ते आधी भिजवून, वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात तो एकच थर आकसतो आणि बाकीचे फुगतात. सिंथेटिक साड्या लोक हल्ली घालतात. माझं मत विचाराल तर नकोत. त्या मशीनखाली घसरतात आणि अंगावर घाम येतो.

दोरा सुती घेतला. कापडापेक्षा दोरा फार मजबूत असला, तर ताण आल्यावर दोरा टिकतो आणि जुनं कापड फाटतं. आईच्या डब्यातली जुनी रिळं मात्र वापरली नाहीत. वीतभर दोरा दोन हातांत धरून झटका दिला की तटकन तुटत होता.

सुईचा नंबर हा गोधडीतला कळीचा मुद्दा. जोड शिवायला 14 नंबर पुरे. पाच थर एकत्र शिवायला 16. जीनसाठी 18 वापरतात, पण विरलेल्या लुगड्याला ती भोकं पाडते. सुईच्या वरच्या दांड्याची एक बाजू चपटी असते आणि तिच्या विरुद्ध अंगाला लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवायचा. सुई उलटी बसली की टाके सुटतात, आणि बिचाऱ्या मशीनला नावं ठेवली जातात. सुई काचेवर आडवी ठेवून खाली फट सारखी दिसते का ते बघायचं. सात-आठ तास शिवण झालं की चांगली दिसणारी सुईसुद्धा बदलायची.

ओवताना फूट वर उचललेलं असावं. फूट वर असलं की ताणाच्या चकत्या उघडतात आणि दोरा नीट आत बसतो. फूट खाली असताना ओवलं, तर दोरा चकत्यांवर नुसता टेकतो आणि कापडाखाली दोऱ्याचं घरटं जमतं. खालच्या बाजूचा गुंता दिसला की लोक बॉबिन केसचा स्क्रू फिरवत बसतात. नव्वद टक्के वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. बॉबिन केस तपासायची तर तिचा दोरा धरून ती लोंबकळत ठेवायची. आपल्या वजनाने ती सरसर खाली येऊ नये, हलका झटका दिला की इंचभर उतरावी.

मग चाचणी. उरलेल्या तुकड्यांचे तसेच पाच थर केले, वर लाल दोरा, बॉबिनला निळा. शिवून उलटसुलट पाहिलं. खालच्या बाजूला लाल ठिपके ठसठशीत दिसले म्हणजे वरचा ताण कमी, वरच्या बाजूला निळे वर आले म्हणजे जास्त. दोन्ही दोऱ्यांची गाठ थरांच्या पोटात गेली की झालं. टाका जरा मोठा ठेवला, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाके जुन्या कापडाला छिद्रांची रांग पाडतात आणि तिथून ते उसवतं. फुटावरचा दाब वरचा स्क्रू सैल करून थोडा कमी केला, नाहीतर वरचा थर पुढे ढकलला जातो.

आता माझा आणि आत्याचा जिथे खल झाला ती गोष्ट. आत्या गोधडी नेहमी कडेने सुरू करते. चौकोनात फिरत फिरत आत येते, दोन ओळींत बोटभर अंतर, शेवटचा टाका मध्यावर. सगळ्या कोकणात, घाटावर असंच शिवतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाचा सिद्दी समाज आहे, त्यांच्या बायकांची गोधडी, कवंदी, हीसुद्धा कडेने सुरू होऊन मध्यावर येते, आणि तिच्या कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचं फूल शिवतात. मी मात्र मशीनवर मधून सुरुवात करायची म्हणत होते. आत्या म्हणाली, "अगं, मधून कधी कुणी वाकळ शिवलीय का?"

दोघी बरोबर होतो, हे तुकड्यावर शिवून पाहिल्यावर कळलं. हाताने शिवताना गोधडी जमिनीवर पसरलेली असते, आपण तिच्यावर बसलेलो असतो, डावा हात सतत कापड सारखं करत पुढे जातो. थर हलतच नाहीत. मशीनवर मात्र खालचे दाते खालचा थर ओढतात आणि फूट वरचा थर अडवतो. प्रत्येक ओळीगणिक वरच्या थरात केसभर जास्तीचं कापड पुढे सरकतं. कडा आधी बंद केल्या तर ते जास्तीचं कापड जाणार कुठे? ते मध्ये येऊन चुणी पडते, आणि ती चुणी कितीही इस्त्री केली तरी जात नाही. मधून बाहेर शिवलं की ते कडेला निघून जातं आणि शेवटी कापून टाकता येतं. आत्याने तुकडा उलटसुलट केला, चुणीवर नख फिरवलं आणि म्हणाली, "बरं. मशीनचं मशीनला."

म्हणून आम्ही कामाची वाटणी केली. जमिनीवर पाचही थर अंथरले, चार कोपऱ्यांवर पितळी तांबे ठेवले, मधून बाहेर हात फिरवत सुरकुत्या काढल्या आणि वीत-वीत अंतरावर लांब धावदोरा घातला. सेफ्टी पिनाही चालतात, पण सुई पिनेवर आपटली तर मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो, म्हणून मला धावदोरा बरा वाटतो. मग गोधडीच्या दोन्ही बाजू आत गुंडाळल्या, मधली पट्टी मोकळी ठेवली आणि मशीनवर मधल्या रेषेपासून उभ्या ओळी टाकल्या, तळहाताएवढ्या अंतराने. मशीनच्या मानेखाली जागा थोडी. गुंडाळी घट्ट नसेल तर हात अडकतात. गोधडीचं वजन टेबलाखाली लोंबू दिलं तर सुई ओढली जाऊन वाकते, म्हणून डाव्या बाजूला स्टुलावर उशी ठेवून तिच्यावर भार टेकवला. पायाचं मशीन इथे फार उपयोगी पडतं. जाड जोडावर आलं की पायडल सोडून चाक हाताने फिरवायचं, एकेक टाका.

ओळींच्या मधल्या जागेत आत्याने हाताने टाके घातले. सुई लांब, दोरा दुहेरी, मेणबत्तीवरून एकदा ओढलेला, म्हणजे पीळ सुटत नाही. मधल्या बोटाला अंगुस्ताना. ती एका वेळी सुईवर चार-पाच टाके भरायची आणि मग सुई ओढायची. कोपऱ्यावर वळताना एक टाका उलट घ्यायची, तिथे ताण सगळ्यात जास्त म्हणून.

सुती कापडाचं मशीनमध्ये किती भुसकट पडतं ते गोधडी शिवल्याशिवाय कळत नाही. प्रत्येक बॉबिन संपली की सुईखालची पट्टी काढून दात्यांमधलं झटकून घ्यायचं. ते दाबून दाबून नमद्यासारखं घट्ट होतं आणि दाते वर येईनासे होतात, मग कापड पुढे सरकत नाही. त्यासाठी रंगाचा छोटा ब्रश ठेवावा. तोंडाने फुंकर मारू नये, वाफ आत जाते आणि कचराही.

शेवटी कडा सारख्या कापून लुगड्याचे काठ गोट म्हणून लावले. पुढची बाजू मशीनने, मागची हातशिलाईने. सरळ कडेला सरळ पट्टी चालते, तिरक्या कापलेल्या पट्टीचा गोट गोल कोपऱ्यांनाच लागतो.

आता मशीन पावसाळ्यात प्लॅस्टिकने झाकत नाही, आत दमट हवा कोंडते. उरलेल्या लुगड्याचं आच्छादन शिवलं आहे. ड्रॉवरमध्ये औषधांच्या डब्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आहेत. जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा, शिवायचं काही नसलं तरी, थेंबभर तेल आणि चार मिनिटं पायडल.

गोधडी धुताना पिळायची नाही. उतरत्या फळीवर पसरून पाणी निथळू द्यायचं, मग दोन दोऱ्यांवर निम्मी-निम्मी टाकायची. एकाच दोरीवर टाकली की पाण्याच्या वजनाने वरच्या ओळीचे टाके तुटतात. आमच्याकडे ऑक्टोबरच्या उन्हातही पाच थर वाळायला पूर्ण दिवस लागतो, म्हणून सकाळी आठच्या आत ती दोरीवर पडायला हवी, आणि दुपारी एकदा उलटायला हवी.